अर्ध्या बॉनेटची चकाकी

ज्याला वाचता येतं, त्याला गाडी नव्यासारखी करता येते!

हे वाक्य माझं. एका गुरुवारी सकाळी मी ते आमच्या गिरिजाबाईंसमोर, टेबलावर थाप मारून म्हटलं. थापेनं चहा बशीत सांडला, तेव्हा मी घाईघाईनं "म्हणजे, बहुतेक येत असावी," अशी पुरवणी जोडली. पण तोवर उशीर झाला होता. गिरिजाबाई बशीतला चहा कपात ओतत म्हणाल्या, "करा मंग. बघू."

तुम्हाला म्हणून सांगतो, फुशारकी मारायची मला सवय नाही. चौतीस वर्षं मी कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. बाहेरच्या जगात माझा आवाज घशापर्यंत येतो, जरा विचार करतो आणि परत जातो. पण त्या दिवशी कारणच तसं होतं. दुसऱ्या दिवशी आमची मुलगी येणार होती.

संध्या नाशिकला एका विमा कंपनीत आहे. ठोकलेल्या गाड्या तपासणं हे तिचं काम. दिवसभर ती चेपलेली दारं आणि फुटलेले दिवे बघते, आणि घरी आली की मला फोन करून विचारते, "बाबा, आज गाडी काढली होती का?" माझं वय एकाहत्तर. गेल्या दिवाळीत तिनं निकाल देऊन टाकला. "गाडीवर एक जरी नवा ओरखडा दिसला ना बाबा, तर किल्ली माझ्याकडे. चर्चा नाही."

आता किल्ली गेली तर माझं काय जातं, तेही सांगितलं पाहिजे. दर शनिवारी मी दोन पिशव्या पुस्तकं गाडीत टाकून पिंपळगाव रेणुकाईला जातो. तिथे देवळाजवळच्या एका खोलीत अकरा वाचक जमतात. जुनी पुस्तकं परत देतात, नवी नेतात, आणि मधले तीन तास मी त्यांच्याशी बोलतो. होय, मी! आठवडाभर घशात अडकलेलं सगळं तिथे बाहेर येतं. त्या दोन पिशव्या घेऊन एसटीत चढणं माझ्या गुडघ्यांना शक्य नाही. म्हणजे किल्ली गेली की शनिवार गेला, आणि शनिवार गेला की मी आठवडाभर मुकाच.

तेव्हा मी असं ठरवलं की संध्या यायच्या आत गाडी अशी चमकवायची, की तिनं पाहताक्षणी म्हणावं, "वा बाबा!"

गाडी नऊ वर्षांची. रंग डाळिंबी, पण आता ते डाळिंब फ्रीजच्या मागे महिनाभर विसरलेलं असावं तसं दिसत होतं. त्यात आमचं जालना. इकडे सळईचे कारखाने. लोखंडाची बारीक भुकटी हवेतून येते आणि गाडीच्या रंगात रुतून बसते. कितीही धुवा, हात फिरवला की खरखर लागतेच, दोन दिवस दाढी न केल्यासारखी. त्यावर उपाय मी एका मासिकात वाचला होता. क्ले बार! साबणाच्या वडीएवढी, निळी, मऊ, मातीसारखी वस्तू. साबणपाणी फवारायचं आणि ही वडी रंगावरून हलकेच सरकवायची. रुतलेला कचरा ती स्वतःला चिकटवून घेते. ती मी आठवड्यापूर्वीच ऑनलाइन मागवून ठेवली होती.

वडीसोबत माहितीपत्रक आलं. ते मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा पेन्सिलीनं खुणा करत, तिसऱ्यांदा खुणा केलेलं तेवढंच, आणि चौथ्यांदा खुणा न केलेलं, कारण महत्त्वाचं नेमकं तिथेच असलं तर!

मस्तगडातल्या आमच्या गल्लीत सकाळी नऊपर्यंत सावली असते. मी गाडी धुतली, पुसली. मग पत्रकात सांगितल्याप्रमाणे हातावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवली आणि बॉनेटवरून फिरवू लागलो. पिशवीतून खरखर दुप्पट कळते म्हणे. खरोखर कळत होती! मी डोळे मिटून एकेक कण अनुभवत होतो, तेवढ्यात दारातून गिरिजाबाईंचा आवाज आला.

"अहो, हाताला पिशवी घालून गाडीला काय गोंजारून राह्यलात?"

"तपासतोय."

"ताप आहे का तिला?"

मी वडी मळली, थालीपिठासारखी चपटी केली, साबणपाणी फवारलं आणि झोपलेल्या मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवू लागलो. आधी वडी अडखळत होती. मग हळूहळू सरकू लागली. मग तर घसरूच लागली! उलटून पाहिलं, तर निळी वडी तपकिरी झालेली. नऊ वर्षांचं लोखंड! तासाभरात बॉनेटची उजवी बाजू झाली. त्यावर मेण लावून फडकं मारलं, आणि काय सांगू! त्यात मला माझा चेहरा दिसला. इतका स्पष्ट, की मी लाजून बाजूला बघितलं.

आता डावी बाजू. मी वडी हातात घेतली, आणि अगदी कानाजवळ आवाज आला.

"सर, कुठं ठोकली?"

मी केवढ्यानं दचकलो! वडी हातातून उडाली आणि शेजारच्या बांधकामाच्या वाळूत पडली. उचलून पाहिली, तर खसखशीत घोळलेला लाडूच.

माहितीपत्रकातलं शेवटचं वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं होतं. 'वडी जमिनीवर पडल्यास ताबडतोब टाकून द्यावी. तिला चिकटलेली वाळू रंगावर ओरखडे पाडते.' ओरखडे! नेमके तेच तर नको होते. छापील सूचना मी आयुष्यात मोडलेली नाही. मी वडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. दुसरी मागवली असती तर सोमवारी आली असती, आणि संध्या येणार होती शुक्रवारी.

मागे उभे होते ते शेजारचे सुरजमलजी. त्यांचं घराणं राजस्थानातून येऊन जालन्यात पाच पिढ्या झाल्या. चाळीस वर्षं त्यांनी सळईचं दुकान चालवलं. लोखंड त्यांना डोळ्यांपेक्षा कानानं जास्त कळतं. बोटातल्या अंगठीनं सळई वाजवायची आणि ती कुठल्या भट्टीतली ते सांगायचं, अशी त्यांची ख्याती.

"ठोकली नाही हो," मी म्हणालो.

"मंग अर्धा बॉनेट नवा कसा?"

"मी... वाचून केला."

"वाचून?" त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. मग पुढे होऊन उजवीकडे अंगठी वाजवली. टण्! डावीकडे वाजवली. टक्! त्यांनी मान डोलावली. "दोन आवाज येऊन राह्यलेत, सर. इकडचं काम झालंय. रंग बी नवा मारलाय. गॅरेजवाल्यानं हात चांगला मारला, पण अर्धाच का मारला?"

"तसं नाही. ती एक वडी असते..."

"सर, तुमी घाबरू नका. होतं असं. वय झालं की बराबर अंदाज येत न्हाई." ते कानाशी वाकले. "मी कोणाला सांगत न्हाई."

सुरजमलजी शब्दाचे पक्के आहेत. त्यांनी कोणालाही 'सांगितलं' नाही. दुपारपर्यंत गल्लीतल्या प्रत्येकाला फक्त विचारलं, "सरांचं कळलं का?"

पहिल्यांदा आल्या त्यांच्या पत्नी सायरबाई, एका हातात मीठ-मिरच्या आणि दुसऱ्या हातात हळदीचं दूध घेऊन.

"भाईजी, बसा आधी. बसा म्हणते ना!" त्यांनी मला खुर्चीत दाबून बसवलं, माझ्यावरून मीठ-मिरच्या सात वेळा उतरवल्या, मग बाहेर जाऊन गाडीवरून उतरवल्या. "कुठं लागलं?"

"कुठेच नाही, भाभीजी."

"मुका मार असंल. तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. खांदा दुखून राह्यला का?"

आता खरं सांगायचं, तर खांदा दुखत होता. तासभर वडी घासल्यावर दुखणारच. मी नकळत तो चोळला, आणि सायरबाईंनी गिरिजाबाईंकडे पाहून डोळ्यांनीच 'बघितलं ना' असं म्हटलं.

मग रीघ लागली. आमच्याकडे अपघात झालेल्या माणसाला भेटायला जाणं हे कर्तव्य समजतात, आणि रिकाम्या हातानं जात नाहीत. संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर इतकी केळी आणि इतके बिस्किटांचे पुडे जमले, की ते पाहता मी दवाखान्यातच असायला हवं होतं! प्रत्येक जण येताना बॉनेटच्या नव्या भागावरून हात फिरवून येई आणि चुकचुके. मी सगळ्यांना खरं सांगायचा प्रयत्न केला. पण मी तोंड उघडेपर्यंत समोरच्याचं तिसरं वाक्य संपलेलं असे. चारच्या सुमाराला मी बैलगाडीला धडकलो होतो. पाचला ट्रकला. सहाला कोपऱ्यावरचा चहावाला वसंता आला आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "सर, पुस्तकांनीच वाचवलं तुम्हाला!"

"कसं?"

"पिशवीतली पुस्तकं उसळून छातीवर आली म्हणे. न्हाईतर काचेतून बाहेरच गेल्ते तुमी!"

मला ते इतकं आवडलं, की मी नाही म्हणू शकलो नाही. पुस्तकांचा एवढा उपयोग मी चौतीस वर्षांत कोणाला पटवून देऊ शकलो नव्हतो.

लोक गेल्यावर गिरिजाबाई समोर येऊन बसल्या. "खरं सांगा. मला न सांगता ठोकली का?"

"अगं, तू सकाळी पाहिलंस ना मला घासताना?"

"घासताना पाह्यलं. पण घासायची पाळी का आली, ते कुठं पाह्यलं? मागच्या शनिवारी पिंपळगावहून आलात तेव्हा दोन गिलास पाणी प्यायलात तुम्ही."

"तहान लागली होती."

"रोज एक पिता."

खरंच, मी दोन ग्लास का प्यायलो होतो?

तेवढ्यात सुरजमलजी चपला न काढताच आत आले. चेहरा गंभीर. "सर, माझा साला राजूरला दुकान करतो. त्याला फोन लावला होता. शनिवारी राजूरच्या अलीकडं एका गाडीनं शेळीला उडवलं. गाडी लाल होती. कोणी कडूबा म्हणून आहे, त्याची शेळी."

"गेली?" मी विचारलं.

"गाडी?"

"शेळी!"

"जिंदी आहे. लंगडून राह्यली." ते खुर्ची ओढून बसले. "तुमी टेन्शन घेऊ नका. मी त्या कडूबाला उद्या अकराला जेवायलाच बोलावून घेतलं. आपसात बसून मिटवू. आमच्यात जीवदया पाळतात, सर. मुक्या जनावराचा तळतळाट घरावर नको."

ते गेले, आणि मी विचार करत बसलो. माझ्यासारख्या माणसानं तेच करायला नको होतं.

शनिवारी परतताना काय झालं होतं? पिंपळगावच्या एका वाचकानं एक रहस्यकथा परत केली होती, तिची शेवटची सोळा पानं गायब होती. भोकरदनपासून जालन्यापर्यंत मी एकाच विचारात होतो, की पानं कोणी फाडली आणि खून कोणी केला? रस्ता आठवेना. वळणं आठवेनात. राजूरच्या गणपतीसमोर केवढी गर्दी असते, तीसुद्धा आठवेना! आता मला सांगा, ज्या माणसाला एवढी गर्दी दिसली नाही, त्याला एक शेळी दिसली असेल का?

पहिल्यांदा मला फक्त एक सावली आठवली. जेवायला बसलो तोवर ती काळी शेळी झाली होती. ताकभात होईपर्यंत तिच्या कपाळावर पांढरा ठिपका उमटला. हात धुताना तिच्या गळ्यात घंटा आली. आणि तिचे डोळे! काय पाहत होती ती माझ्याकडे! रागानं नाही, अपेक्षाभंगानं. पुस्तक घेऊन गेलेला चांगला विद्यार्थी ते परतच करत नाही, तेव्हा ग्रंथपाल पाहतो ना, तसं.

मी उठलो, कागद घेतले आणि लिहायला बसलो. 'निवेदन' असा मथळा. खाली प्रस्तावना, घटनाक्रम, कारणमीमांसा. दोन पानं झाली. शेळीच्या रंगाबद्दल एक तळटीपही दिली.

शुक्रवारी सकाळी संध्या आली. तिनं बॅग खाली ठेवायच्या आत मी उभा राहिलो.

"संध्या, मला कबुलीजबाब द्यायचा आहे."

"अहो, तिला पाणी तर पिऊ द्या!" गिरिजाबाई म्हणाल्या.

"नंतर." मी कागद उघडले आणि वाचलं. सगळं वाचलं, तळटीपेसकट. शेवटी शर्टाच्या खिशातून किल्ली काढून टेबलावर, केळ्यांच्या शेजारी ठेवली. माझा आवाज एकदाही परत गेला नाही. घरात मी इतकं सलग कधीच बोललो नव्हतो.

संध्या थेट बाहेर गेली. आम्ही मागोमाग. सुरजमलजी आणि सायरबाई आधीच गाडीजवळ हजर होते. संध्यानं बॉनेट उघडलं. फोनची बत्ती लावून आत पाहिलं. खाली बसून बंपर पाहिला. दारांच्या फटींमधून बोट फिरवलं. मग उठून हात झटकले.

"बाबा, ही गाडी कुठंही लागलेली नाही."

"नीट बघ."

"बघितलं."

"तू रात्रीचा प्रवास करून आलीस. दमली आहेस."

"बाबा!" तिनं कमरेवर हात ठेवले. "मी दिवसाला दहा गाड्या बघते. ठोकलेली गाडी ठोकलीच नाही म्हणून लोक माझ्याशी भांडतात. न ठोकलेली गाडी ठोकली आहे म्हणून भांडणारे तुम्ही पहिले!"

"ताई," सुरजमलजी घसा खाकरून म्हणाले, "आवाज दोन हायेत." त्यांनी अंगठी वाजवून दाखवली. टण्. टक्.

"काका, इकडं बघा. डावीकडं तुम्ही वाजवलं तिथं खाली लोखंडी पट्टी आहे. उजवीकडं पट्टी नाही. कुठलंही बॉनेट असंच वाजतं."

सुरजमलजींचा विश्वास बसला नाही. ते गल्लीत पुढे गेले आणि उभ्या असलेल्या दोन गाड्या वाजवून आले. परतताना ते फारच हळू चालत होते. सायरबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं सळया वाजवल्या यांनी. बॉनेट कधी वाजवलं होतं?"

"पण मग ही बाजू एवढी चमकते कशी?" संध्यानं विचारलं.

मी वडीची सगळी हकीकत सांगितली आणि माहितीपत्रक पुढे केलं. संध्यानं बॉनेटवरून तळहात फिरवला. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. "केवढं गुळगुळीत झालंय! छान केलंय, बाबा. आमच्या ओळखीचे गॅरेजवालेसुद्धा इतकं निगुतीनं करत नाहीत."

मंडळी, मी इथे थांबायला हवं होतं. मुलगी कौतुक करत होती. ओरखडा नव्हता. किल्ली माझीच होती. कोणताही शहाणा माणूस इथे 'चला, चहा घेऊ' म्हणाला असता.

"पण शेळी?" मी म्हणालो.

"कुठली शेळी, बाबा? गाडीला काही लागलंच नाही!"

"हळू लागली असेल."

आणि नेमका तेव्हाच एक छोटा टेम्पो गल्लीत शिरला. पुढून एक पागोटंवाला उतरला. त्यानं मागची फळी पाडली आणि दोरीला धरून एक तांबूस जनावर खाली उतरवलं.

"राम राम. सेठ कोन हायेत? मी कडूबा."

मी पुढे झालो. "ही... तुमची शेळी?"

"शेळी न्हाई सायेब. बोकड हाय."

"काळी नाही?"

कडूबानं बोकडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमच्या म्होरं उभा हाय की. तांबडा हाय."

"कपाळावर पांढरा ठिपका?"

त्यानं भल्या माणसासारखं वाकून, केस बाजूला सारून बोकडाचं कपाळ तपासलं. "न्हाई."

"गळ्यात घंटा?"

"घंटा कशाला बांधू? बोकड हाय, देऊळ हाय का त्यो?"

सायरबाईंनी पदर तोंडाला लावला. सुरजमलजी पुढे सरसावले. "ते जाऊ द्या, कडूबा. शनिवारी ह्याला लाल गाडीनं उडवलं ना?"

"कोन म्हन्लं? उसाच्या ट्रॅक्टरचं चाक पायाला घासून गेल्तं. ट्रॅक्टर लाल हाय."

"आणि ड्रायव्हर पळून गेला!"

"पळतो कुठं? माझा साडू हाय त्यो. माझ्याच घरी जेवून गेला, अन् ह्याच्या पायाला पट्टी बी त्यानंच बांधली."

"मंग तुमी आलात कशाला?"

"आता घ्या! तुमीच फोन करून जेवायला बोलावलं. जनावर बी घेऊन या म्हन्ले. म्हन्लं, जालन्याचे सेठ हायेत, काही रीत असंल त्यांची."

गल्ली हसायला लागली. गिरिजाबाई तर भिंतीला टेकून हसत होत्या. प्रकरण मिटलं होतं. मी निर्दोष होतो! एवढ्या माणसांसमोर, जिवंत साक्षीदारासह! आणि मी काय केलं? मी त्या बोकडाच्या डोळ्यांत निरखून पाहिलं आणि म्हणालो, "पण मला ते डोळे अजून आठवतात."

हसणारे हसायचे थांबले. तेवढ्यात बोकडानं माझ्या हातातलं निवेदनाचं दुसरं पान ओढून घेतलं आणि खायला सुरुवात केली.

संध्यानं घरात जाऊन टेबलावरची किल्ली आणली आणि मुठीत धरली.

"अगं, पण ओरखडा कुठे आहे?" मी विचारलं.

"ओरखडा नाहीये, बाबा. तोच तर प्रश्न आहे. अपघात करून विसरणारी माणसं मी रोज बघते. त्यांचं काय करायचं, ते नियमात लिहिलेलं आहे. पण न झालेला अपघात घंटेसकट आठवणाऱ्या माणसाचं काय करायचं, ते कुठंच लिहिलेलं नाही."

"पण शनिवार..." माझा आवाज घशात आला, जरा थांबला, आणि परत न जाता बाहेर पडला. "संध्या, माझी माणसं वाट बघतात तिथे. अकरा जण."

मग तिनं बॉनेटच्या चकचकीत भागाकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "गाडी तुम्हीच चालवा. हात अजून चांगला आहे तुमचा. पण किल्ली आईकडे. आणि दर शनिवारी आई शेजारी बसणार. रस्त्यात काय झालं आणि काय नाही झालं, ते आई सांगेल. तुम्ही नाही."

"मी?" गिरिजाबाई म्हणाल्या. "मला कुठं वाचायचंय?"

पण त्यांनी किल्ली घेऊन कमरेला खोचली. मला वाटतं, जरा जास्तच पटकन खोचली.

सुरजमलजींनी कडूबाला खरोखरच जेवायला नेलं. बोकडालाही मक्याचा हिरवा चारा आणवला, आणि सायरबाईंनी त्याच्यावरूनही मीठ-मिरच्या उतरवल्या. जमलेली केळी आम्ही टेम्पोत चढवून दिली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी गाडी चालवली, गिरिजाबाई शेजारी बसल्या. पिंपळगावच्या खोलीत अकराही वाचक हजर होते. मी पिशव्या ठेवल्या, चष्मा पुसला आणि त्या आठवड्याच्या पुस्तकाबद्दल बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "सर, बाहेर गाडी अर्धीच कशी चमकून राह्यली?"

"थांबा, मी सांगते!" गिरिजाबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी सांगितलं. पिशवीनं गोंजारण्यापासून तळटीपेपर्यंत सगळं सांगितलं. मधे उठून बोकडाची नक्कल केली, माझी केली. लोक मांड्यांवर थापा मारून हसत होते. देवळातली चार माणसं दारात येऊन उभी राहिली. तीन तासांत माझ्या वाट्याला फक्त "हो" आणि "नाही, ताकभात होता," एवढीच दोन वाक्यं आली. निघताना अकराही जणांनी त्यांना पुढच्या शनिवारी नक्की यायला सांगितलं. मला काही सांगितलं नाही. मी गाडी चालवत येणारच, असं त्यांनी गृहीत धरलं असावं.

परतताना राजूर मागे पडलं. गर्दी या वेळी मी लक्ष देऊन पाहिली. पुढच्या वळणावर मला एकदम शंका आली.

"अगं, आत्ता काही आडवं गेलं का?"

"न्हाई."

"मला वाटलं..."

"वाटून घ्यायचं न्हाई," समोर बघत गिरिजाबाई म्हणाल्या. "वाटायचं काम आता माझ्याकडं हाय. तुम्ही गिअर बदला."

मी गिअर बदलला. म्हणजे, बहुतेक बदलला असावा. नक्की काय ते त्यांनाच विचारा.